डोळा, कान, नाक, हात : इंग्रजीतले आणि वर्कशॉपमधले

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. नाहीतरी ती होस्टेलच्या तिन्ही मजल्यांवर पोहोचलेली आहेच, तेव्हा खरा वृत्तांत माझ्याकडूनच कळलेला बरा.

मॉक इंटरव्ह्यू होता. टाय रूममेटचा, बूट शेजारच्या खोलीतले, आत्मविश्वास मात्र स्वतःचा. समोर तीन जणांचं पॅनेल. पहिले दोन प्रश्न बरे गेले. मग बाहेरून आलेल्या एका सरांनी विचारलं, "डू यू हॅव ॲन आय फॉर डिटेल?" मला त्यातलं 'आय' तेवढं नीट ऐकू आलं. मी चष्मा सावरला आणि ठणकावून सांगितलं, "येस सर, मायनस टू पॉइंट फाइव्ह, बोथ आइज."

पॅनेल हसलं. दाराबाहेर नंबर लावून उभी असलेली मुलं हसली. का हसतायत ते न कळल्यामुळे मीही हसलो. शेवटी फीडबॅक देताना ते सर म्हणाले, टेक्निकल ठीक आहे, पण "यू डोन्ट हॅव ॲन इअर फॉर इंग्लिश."

या वाक्याचा अर्थ मी रात्री डिक्शनरीत पाहिला आणि अर्थ कळल्यावर ते जास्त लागलं. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं. 'तू चुकलास' म्हटलं असतं तर चूक सुधारली असती. पण इंग्रजीसाठी लागणारा कानच तुझ्याकडे नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय? कान काही मेडिकलमध्ये मिळत नाही. पुढचे दहा-बारा दिवस मी ग्रुप डिस्कशनच्या सरावाला गेलोच नाही. कुणी विचारलं तर 'जर्नल राहिलंय' म्हणायचो. जर्नल खरंच राहिलेलं होतं, पण कारण ते नव्हतं.

मग एके दिवशी मशीन शॉपमध्ये प्रॅक्टिकल चालू होतं. सहा लेथ एकदम चालू, शेजारी शेपर, वर पंखे, त्यात आमच्या बॅचच्या गप्पा. आपले मशीन शॉपचे मामा पार दुसऱ्या टोकाला रजिस्टर भरत बसले होते. एकदम मान वर करून ओरडले, "ए बारक्या, चार नंबर बंद कर!" चार नंबरवर मीच होतो. घाबरून बंद केला. मामा आले, एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक हेडस्टॉकवर बेअरिंगच्या जागी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला म्हणाले, "आता हळू चालू कर." दहा सेकंद ऐकलं. "बेअरिंग बोलायला लागलंय बघ. आठ-पंधरा दिवस काढील."

मी विचारलं, "मामा, एवढ्या गोंगाटात तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? कानाला लागलं."

"पण मला का नाही ऐकू आलं? मी तर शेजारीच उभा होतो."

मामा हसले. "बाळा, तू आत्ता आलास. माझा कान तीस वर्षं इथंच तयार झालाय."

त्या रात्री झोप येईना. एकीकडे 'हॅव ॲन इअर', दुसरीकडे 'कान तयार झालाय'. गोष्ट एकच, पण सांगायची पद्धत दोन. आणि त्या दोन पद्धतींत माझ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक होता. मग मी अशा इंग्रजी वाक्प्रचारांची वहीच घातली. त्यातलं निवडक तुमच्यासाठी देतोय.

आधी छोटे शब्द

'आय', 'इअर', 'नोज', 'हँड' हे शब्द आपल्याला पहिलीपासून येतात. घोळ होतो तो त्यांच्या मागे-पुढे चिकटलेल्या छोट्या शब्दांनी. नियम सोपा आहे. 'ॲन आय फॉर', 'ॲन इअर फॉर', 'अ नोज फॉर' असं 'फॉर' आलं, की समजायचं इथे कौशल्याची गोष्ट चालली आहे. 'ॲन आय फॉर डिटेल' म्हणजे बारकावे टिपणारी नजर. 'ॲन इअर फॉर म्युझिक' म्हणजे सुरांची जाण. 'अ नोज फॉर न्यूज' म्हणजे बातमी कुठे आहे हे हुंगून काढणारा पत्रकार. याच धर्तीवर 'अ हेड फॉर फिगर्स' म्हणजे आकडेमोडीत चालणारं डोकं. 'अ हेड फॉर हाइट्स' म्हणजे उंचावर उभं राहिलं तरी न गरगरणारं डोकं, जे सिव्हिलवाल्यांना साइटवर लागतं.

आता 'फॉर' काढा आणि 'ऑन' घाला. 'कीप ॲन आय ऑन' म्हणजे लक्ष ठेवा. इथे कौशल्याचा संबंध नाही. गॅसवर दूध ठेवून कुणी बाहेर गेलं तर आपण करतो तेच काम. 'विथ ॲन आय टू' म्हणजे अमुक हेतू मनात धरून. 'ऑल इअर्स' म्हणजे जिवाचा कान करून ऐकणं. तेव्हा कुणी 'आय ॲम ऑल इअर्स' म्हणालं तर घाबरू नका, बोला.

असाच एक फसवा जोड 'टच'चा आहे. 'लूज टच' म्हणजे संपर्क तुटणं, बारावीच्या मित्रांशी आपला तुटतो तसा. पण 'लूज वन्स टच' म्हणजे हातातली कला जाणं. मध्ये एक छोटासा शब्द आला आणि मित्राचा कारागीर झाला!

कान

'प्ले बाय इअर' हा मूळचा संगीतातला शब्दप्रयोग. पाश्चात्त्य संगीतात वादकासमोर स्वरलिपीचा कागद असणं हीच रीत. तो न पाहता, नुसतं ऐकून वाजवणं म्हणजे 'बाय इअर'. आपल्याकडे गाणं गुरूसमोर बसून कानानेच शिकतात, म्हणून आपल्याला यात विशेष काय ते चटकन कळत नाही. पुढे त्याला दुसरा अर्थ आला : आधी काही न ठरवता, पुढे येईल तसं पाहून वागणं. सेमिनारच्या आधी सीनियर म्हणाला, 'लेट्स प्ले इट बाय इअर', तर त्याला स्पीकर आणून देऊ नका. प्रश्न येतील तसं बघू, एवढंच त्याचं म्हणणं आहे. याउलट ज्याला सूर कळत नाही त्याला 'टिन इअर' म्हणजे पत्र्याचा कान आहे असं म्हणतात.

कानाचं कौशल्य म्हटलं की आपल्याला गाणं आठवतं, पण वैद्यकशास्त्रानेही कानाचा मोठा उपयोग करून घेतला. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातला डॉक्टर. त्याचे वडील खानावळवाले होते. पिंपात दारू कुठपर्यंत आहे हे ते बाहेरून बोटांनी ठोकून ओळखत आणि मुलाला कल्पना तिथूनच सुचली, असं सांगतात. त्याने माणसाच्या छातीवर ठोकून पाहिलं. जिथे हवा आहे तिथला आवाज वेगळा, जिथे पाणी भरलंय तिथला वेगळा. १७६१ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. पुढे १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरने एका तरुण स्त्री रुग्णाला तपासताना कागदाची गुंडाळी करून तिचं एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं. हाच स्टेथोस्कोपचा जन्म. मामांचा स्क्रू-ड्रायव्हर म्हणजे बेअरिंगचा स्टेथोस्कोपच की! रेल्वेच्या चाकावर हातोडी मारून तडा ओळखायची जुनी पद्धत हीसुद्धा त्याच जातीची. चाक चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा गेला असेल तर बद्द आवाज येतो.

यातूनच 'रिंग ट्रू' समजून घ्या. पूर्वी चांदीचं नाणं खरं की खोटं हे दगडावर आपटून, आवाजावरून ओळखत. खरं असेल तर त्याचा नाद स्पष्ट यायचा. म्हणून 'हिज स्टोरी डझन्ट रिंग ट्रू' म्हणजे त्याची हकीकत खरी वाटत नाही. आता हे पाठ करायची गरज आहे का? आपण 'खणखणीत' हा शब्द रोज वापरतो. खणखणीत नाणं, खणखणीत आवाज, खणखणीत उत्तर. आपणही नाणी वाजवूनच घेत होतो.

डोळा

'ट्रेन्ड आय' म्हणजे तयार नजर. 'टू डू समथिंग बाय आय' म्हणजे मोजपट्टी न लावता नजरेच्या अंदाजाने करणं. गवंडी ओळंबा लावायच्या आधीच 'भिंत पोटात आलीय' म्हणतो ते 'बाय आय'.

पहिल्या वर्षी स्मिथी शॉपमध्ये छिन्नीला पाणी देताना मास्तर म्हणायचे, 'रंग बघ, रंग.' तेव्हा आम्ही घड्याळ बघत होतो. पुढे थिअरीत कळलं, की कार्बन स्टील कडक केल्यावर ते टेंपर करण्यासाठी पुन्हा तापवतात. तेव्हा त्याच्या घासलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि तापमान वाढेल तसा त्याचा रंग बदलतो. २२० ते २३० अंश सेल्सियसला फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा. २५५ च्या आसपास तपकिरी. २८० च्या आसपास जांभळा. ३०० जवळ निळा. छिन्नीला जांभळा रंग लागतो, स्प्रिंगला निळा. थर्मामीटर नसलेल्या काळात लोहार हे तापमान डोळ्यांनी मोजत होता. म्हणजे 'ॲन आय फॉर कलर' हा गुण फक्त चित्रकाराकडे असतो असं नाही.

ही नजर नेमकी कशात असते? १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन अमेरिकन संशोधकांनी बुद्धिबळावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची, मग पट झाकायचा आणि आठवेल तेवढी मोहरी पुन्हा मांडायला सांगायची. निष्णात खेळाडूने पहिल्याच प्रयत्नात सुमारे १६ मोहरी बरोबर मांडली, नवख्याने सुमारे ४. यात नवल नाही. पण मग त्यांनी मोहरी पटावर वाटेल तशी टाकली, ज्यात डावाचा काही अर्थच नव्हता. आता निष्णात आणि नवखा यांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला! म्हणजे निष्णात खेळाडूची स्मरणशक्ती किंवा डोळे वेगळे नव्हते. त्याने हजारो डाव पाहिले होते आणि त्यातले ओळखीचे आकृतिबंध त्याला एका नजरेत दिसत होते. जिथे ओळखीचं काही नव्हतं तिथे तोही आपल्यासारखाच.

नाक आणि जीभ

'स्मेल अ रॅट' म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असा संशय येणं. इंग्रजांना उंदराचा वास येतो, आपल्याला डाळीत काळं दिसतं. 'फॉलो युवर नोज' म्हणजे नाकासमोर सरळ जाणं किंवा स्वतःच्या अंतःप्रेरणेने जाणं. सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या तज्ज्ञाला तर सरळ 'नोज' असंच म्हणतात. फ्रेंचमध्येही त्याला नाकच म्हणतात.

आपल्या मेसच्या गॅसला येणारा वास हा गॅसचा नाहीच, हे किती जणांना माहीत आहे? एलपीजीला स्वतःचा जवळजवळ वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य अगदी थोडं मिसळतात. सिलिंडरवाल्यांनी आपल्या सगळ्यांच्या नाकाला एकाच बाबतीत तज्ज्ञ करून सोडलंय म्हणा ना!

चवीच्या जाणकाराला 'ही हॅज अ गुड पॅलेट' म्हणतात. पॅलेट म्हणजे टाळू. इथे मराठी मात्र निराळ्या वाटेने जाते. आपण म्हणतो, 'तिच्या हाताला चव आहे.' खाणाऱ्याची जीभ नव्हे, करणाऱ्याचा हात! आईला आमटीत मीठ किती घालतेस विचारलं तर ती चमचा दाखवत नाही, तीन बोटं जुळवून दाखवते. होस्टेलवर राहून ज्यांनी कुकर लावायचा प्रयत्न केलाय त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

हात

'रूल ऑफ थंब' आपल्या डिझाइनच्या पुस्तकांतही भेटतो. बारीक हिशोबाऐवजी अनुभवावरून वापरायचा ढोबळ नियम. आपला 'ठोकताळा'. हा शब्दप्रयोग सतराव्या शतकापासून छापलेला सापडतो. त्याबद्दल एक गोष्ट फार फिरते, की नवऱ्याने अंगठ्याएवढ्या जाड काठीनेच बायकोला मारावं असा इंग्लंडमध्ये कायदा होता आणि त्यावरून हा शब्द आला. ही गोष्ट खरी नाही. असा कायदा इंग्लंडमध्ये नव्हता. १७८२ मध्ये बुलर नावाच्या न्यायाधीशाने तसं मत दिल्याची आवई उठली आणि गिलरे या व्यंगचित्रकाराने त्याची टर उडवली, एवढं खरं. पण त्याचा या शब्दप्रयोगाशी संबंध १९७० च्या दशकात जोडला गेला. अंगठ्याने माप घेण्याची रीत मात्र जुनी आहे. फ्रेंचमध्ये अंगठा आणि इंच यांना एकच शब्द आहे. आपल्याकडेही अंगुळ, वीत, हात ही मापं अंगातूनच आली.

'ग्रीन थंब' हा अमेरिकन प्रयोग. ब्रिटिश 'ग्रीन फिंगर्स' म्हणतात. म्हणजे ज्याने लावलेलं झाड हमखास जगतं तो. आपला 'हातगुण' याच्या जवळचा, फक्त आपण तो डॉक्टरलाही लावतो. 'ऑल थंब्ज' म्हणजे दहाही बोटं अंगठेच असल्यासारखा धांदरट. पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये कानस धरताना आपण सगळे होतो तसा. 'ॲन ओल्ड हँड' म्हणजे म्हातारा हात नव्हे. इंग्रजीत कामगाराला 'हँड' म्हणत आले आहेत. ओल्ड हँड म्हणजे त्या कामात मुरलेला माणूस. मराठीत मुरतं ते लोणचं आणि माणूस, दोन्ही. 'ॲट वन्स फिंगरटिप्स' म्हणजे माहिती लगेच काढून देता येईल इतकी जवळ असणं. आणि 'नो समथिंग लाइक द बॅक ऑफ युवर हँड' यात इंग्रज हाताची मागची बाजू ओळखतो, आपण तळहात. ओळख मात्र तितकीच पक्की.

सहावं इंद्रिय

'सिक्स्थ सेन्स' हा सगळ्यांचा आवडता शब्द. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तातडीचे निर्णय घेणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. १९९८ च्या आपल्या पुस्तकात तो एका अग्निशामक अधिकाऱ्याची हकीकत सांगतो. एका छोट्या घरात मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात आग लागली होती. अधिकारी आपली माणसं घेऊन आत गेला, पाणी मारलं, पण आग हटेना. त्याला काहीतरी चुकतंय असं वाटलं आणि त्याने सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढलं. ते बाहेर पडतात न पडतात तोच ज्या जमिनीवर ते उभे होते ती खचली. खरी आग खाली तळघरात होती. आणि घराला तळघर आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

तो अधिकारी म्हणायचा, ही माझी अतींद्रिय शक्ती. क्लाइनने खोदून खोदून विचारलं, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. त्या छोट्या आगीच्या मानाने खोलीत उष्णता फारच जास्त होती. आणि एवढ्या उष्णतेच्या मानाने आवाज फार कमी होता, कारण मधल्या जमिनीने तो अडवला होता. म्हणजे त्याच्या कातडीने आणि कानाने काम चोख केलं होतं. पुष्कळ आगी पाहिल्यामुळे 'हे नेहमीसारखं नाही' एवढं त्याला कळलं. का ते त्याला शब्दांत सांगता येईना, म्हणून त्याने त्याला सहावं इंद्रिय म्हटलं. मायकेल पोलान्यी या शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञाने हाच विचार मांडला होता, की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त त्याला कळत असतं. मामांचं 'कानाला लागलं' हे त्यातलंच.

असणं की बसणं?

आता माझ्या दुखण्याकडे येतो. 'यू हॅव', 'यू डोन्ट हॅव'. इंग्रजीत हे वाक्प्रचार असे मांडले जातात, जणू काही कान किंवा नजर ही मालमत्ता आहे. काहींकडे असते, काहींकडे नसते, जन्मतः वाटप झालेलं आहे. मराठीत आपण काय म्हणतो? हात बसला. नजर बसली. कान तयार झाला. अंगवळणी पडलं. ही सगळी घडायची, वेळ घेणारी क्रियापदं आहेत. जे बसलं ते त्याआधी बसलेलं नव्हतं, हे त्या शब्दातच आलं.

इंग्रजीला हे माहीत नाही असंही नाही. क्रिकेटमध्ये फलंदाज सुरुवातीची षटकं सांभाळून खेळला की 'ही हॅज गॉट हिज आय इन' म्हणतात. म्हणजे आपलं 'नजर बसली'. 'टू गेट वन्स हँड इन' म्हणजे हात बसवणं. 'टू ट्रेन वन्स इअर' म्हणजे कान तयार करणं. 'सेकंड नेचर' म्हणजे अंगवळणी पडलेलं. त्या सरांनी इंग्रजीतला अर्धाच भाग मला ऐकवला, आणि उरलेला अर्धा मला तेव्हा येत नव्हता.

नजर शिकवता येते का, यावरही एक उदाहरण आहे. एक दिवसाचं कोंबडीचं पिल्लू नर की मादी हे बाहेरून ओळखणं फार अवघड. जपानमध्ये १९२० च्या दशकात त्याची पद्धत विकसित झाली. त्यातले तज्ज्ञ तासाला हजारभर पिल्लं वेगळी करतात आणि चूक क्वचित होते. 'कसं ओळखता?' विचारलं तर पुष्कळांना नीट सांगता येत नसे. १९८७ मध्ये बीडरमन आणि शिफ्रार या संशोधकांनी एका अनुभवी तज्ज्ञाच्या मदतीने नेमकं कुठे आणि कोणता आकार पाहायचा हे शोधलं आणि छोट्या सूचनापत्रकात मांडलं. ते वाचून पूर्ण नवख्या लोकांचा छायाचित्रांवरचा अंदाज एकदम सुधारला. हातात वळवळणारं पिल्लू धरून वेगाने हे करायला अर्थातच सराव लागतो. पण कुठे बघायचं ते कुणीतरी सांगितलं तर वाट कितीतरी लहान होते.

म्हणजे दोन गोष्टी लागतात : सराव, आणि बरोबर-चूक सांगणारं कुणीतरी किंवा काहीतरी. क्लाइन आणि नोबेल विजेते डॅनियल काहनेमन यांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या लेखाचा निष्कर्षही असाच आहे. ज्या क्षेत्रात गोष्टी काही नियमाने घडतात आणि आपला अंदाज चुकला की बरोबर हे लवकर कळतं, तिथेच तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवावा. नाहीतर नुसता आत्मविश्वास वाढतो, नजर नाही. मामांनी ओळखलेलं प्रत्येक बेअरिंग पुढे उघडलं गेलं आणि त्यांना उत्तर मिळालं. म्हणून त्यांचा कान खरा. आणि तरीही मामा जॉब सेट करताना डायल गेज लावतातच. मी एकदा म्हटलं, "तुम्हाला कशाला लागतो गेज?" तर म्हणाले, "कान शंका काढतो रे. शंका फिटते ती गेजनं."

मला हे वाक्य आपल्या सगळ्या शाखांसाठी महत्त्वाचं वाटतं. तयार कान हा मापाला पर्याय नव्हे. माप कुठे घ्यायचं हे तो सांगतो.

तर मग काय करायचं?

हे वाक्प्रचार यादी करून पाठ करू नका. मी केली होती, आठवड्यात विसरलो. त्याऐवजी प्रत्येकाच्या मागचं काम आठवा. 'रिंग ट्रू'ला नाणं, 'प्ले बाय इअर'ला गुरूसमोर बसलेला शिष्य, 'ओल्ड हँड'ला कारखान्यातला कामगार. काम डोळ्यांसमोर आलं की अर्थ आपोआप येतो. शेजारी मराठी वाक्प्रचार लिहा. कुठे जुळतो आणि कुठे फाटा फुटतो ते पाहा. आणि वापरून बघा. चुकलात तर लोक हसतील. माझ्यावर हसले, मी अजून याच होस्टेलवर राहतोय आणि जेवतोयसुद्धा.

मी पुन्हा ग्रुप डिस्कशनला जातो. बोलतो कमी, ऐकतो जास्त. रोज रात्री अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकतो आणि जे कळलं नाही ते दुसऱ्या दिवशी आमच्या कम्युनिकेशन स्किल्सच्या मॅडमना विचारतो. त्या न कंटाळता सांगतात. माझा कान तयार झालाय असं मी म्हणणार नाही. पण परवा एका भाषणात 'अ नोज फॉर ट्रबल' आलं, आणि चष्मा न सावरता मला अर्थ कळला.

आणखी एक. ते चार नंबरचं बेअरिंग बाराव्या दिवशी खरंच उघडावं लागलं. आतल्या रिंगवर खड्डे पडले होते. मामांनी ते माझ्या हातात दिलं, नवं बसवलं, मग स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कानाला लावून आधी चार नंबर ऐकवला, नंतर सहा नंबर. "काय फरक?" मी म्हटलं, "मामा, सहा नंबरमध्ये मधून मधून काहीतरी टिकटिकतंय." खरं सांगतो, माझी खात्री नव्हती. मामांनी स्वतः ऐकलं, काही बोलले नाहीत, रजिस्टरमध्ये सहा नंबरसमोर तारीख टाकली.

मामा येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या कानाला काय काय कळतं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी तोवर दुपारच्या सुट्टीत मशीन शॉपला चक्कर मारा, बेअरिंग ऐका, टूलची धार गेल्यावर आवाज कसा बदलतो ते विचारा. जमलं तर लिहून ठेवा. जाताना मामांसाठी चहा न्या, बिनसाखरेचा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी